वाचनालयातल्या 58 तबकड्या आणि फाटणारा आवाज

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाचनालयात एक लोखंडी कपाट आहे. त्यात 58 तबकड्या होत्या. भावगीतं, नाट्यपदं, अभंग, थोडं शास्त्रीय गायन. बहुतेक तबकड्या सभासदांनी घर बदलताना आणून दिलेल्या. लहानपणी आजोबांबरोबर मी तिथे संध्याकाळी रेकॉर्ड ऐकायला जायचे. गेल्या दिवाळीत सफाईला कपाट उघडलं, तेव्हा वरच्या खणातल्या काही तबकड्यांवर पांढरी बुरशी दिसली. त्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायच्या असं मी तेव्हाच ठरवलं. माझा हिशेब होता तीन महिन्यांचा, काम चाललं आठ महिने. वेळ तबकड्या वाजवण्यात गेला नाही, आवाज का फाटतोय हे शोधण्यात गेला. कुणी असं काम हाती घेणार असेल तर त्याचे तेवढे रविवार वाचावेत, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

6 जानेवारी 2025 ला कार्यवाहांकडे अर्ज दिला. कार्यकारिणीची बैठक 25 तारखेला झाली आणि ठरावाची प्रत हातात पडली 3 फेब्रुवारीला. अटी तीन: तबकडी इमारतीबाहेर न्यायची नाही, काम फक्त रविवारी दुपारी 12 ते 5 मध्ये करायचं, आणि फाइल इंटरनेटवर टाकायच्या नाहीत. तिसरी अट समितीतल्या वकीलकाकांनी घातली, आणि ती योग्यच होती. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. म्हणजे 2025 मध्ये 1964 किंवा त्याआधी निघालेल्या रेकॉर्डचाच तो संपलेला असतो. शिवाय कवी आणि संगीतकाराचे हक्क वेगळे, ते त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतात. अर्जासोबतच तबकड्यांची यादी जोडा. मी आधी जोडली नव्हती, त्यात एक आठवडा गेला.

सामान असं जमवलं: जुना पण चालू रेकॉर्ड प्लेयर 11,000 रुपये, सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअँप 3,200 आणि आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा, यूएसबीने जोडायचा डबा, म्हणजे ऑडिओ इंटरफेस 9,800. लॅपटॉप घरचाच. ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

9 फेब्रुवारीला पहिली तबकडी लावली. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशने धुऊन, सुकवून. (कपाटात मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावू नका, लाख विरघळते.) सुई टेकली, खरखर झाली, पेटी वाजली आणि तो आवाज आला. माझे डोळे भरून आले. अंतऱ्यात गायिका वरच्या षड्जाला पोचली आणि आवाज फाटला. कापड टर्रकन फाडावं तसा. पुढच्या तबकडीवरही तेच, त्याच्या पुढच्या तबकडीवरही तेच.

मी मनाशी म्हटलं, रेकॉर्ड झिजल्या आहेत. साठ वर्षांत किती हातांनी, किती बोथट सुयांनी वाजवल्या असतील. वाईट वाटलं, पण पुढे जात राहिले. गुढीपाडव्यापर्यंत सात रविवारांत 31 तबकड्या उतरवून झाल्या.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी त्यातली दोन गाणी आमच्या गल्लीतल्या काकांना ऐकवली. त्यांची सगळी नोकरी रेडिओच्या तांत्रिक विभागात गेली. त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि विचारलं, "हे सगळ्याच रेकॉर्डवर असंच फाटते?"

"हो काका. जोरात गायलं की सगळीकडे."

"मग रेकॉर्डले कायले दोष देऊन राहिली बेटा? सगळ्या रेकॉर्ड एकाच जागी कशा झिजतीन? याचं चित्र काढून पाय."

चित्र म्हणजे स्पेक्ट्रोग्राम. मी तो शब्दही ऐकला नव्हता. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर क्लिक केलं की यादीत तो पर्याय दिसतो. डावीकडून उजवीकडे वेळ जाते, खालून वर फ्रिक्वेन्सी चढते आणि जिथे आवाज जास्त तिथे रंग उजळतो. सेटिंगमध्ये दोन गोष्टी लगेच बदलून घ्या. स्केल आधी 'मेल' असतं, ते 'लिनिअर' करा, नाहीतर वरचा भाग दाबला जातो आणि आपल्याला हवं ते नेमकं वरच असतं. दुसरी गोष्ट विंडो साइज, म्हणजे एका वेळी आवाजाचे किती नमुने घेऊन चित्र काढायचं ते. मी 96 किलोहर्ट्झ, 24 बिटला, म्हणजे सेकंदाला 96,000 नमुने घेत, ध्वनिमुद्रण करत होते. तिथे 4096 ची विंडो घेतली तर साधारण 23 हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो आणि वेळ 43 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत मोजली जाते. स्वर नीट पाहायला ही बरी. कट्कट् पाहायची तर 512 घ्या, घरघर पाहायची तर 32768. एकाच विंडोत सगळं दिसत नाही, हे कळायला मला दोन रात्री लागल्या.

पहिल्यांदा स्वच्छ जागेचं चित्र पाहिलं तो क्षण मला अजून आठवतो. गायिकेचा सा पांढरी सहाचा, म्हणजे 220 हर्ट्झ. त्याच्यावर 440, 660, 880 अशा रेघांवर रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. मींड घेतली की सगळी शिडी एकदम वळायची. आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये काळोख. पुढचं सगळं काम मी या काळोखाकडे बघूनच केलं. पेटी, सनई, टिपेचा आवाज यांच्यात मुळातच खूप रेघा असतात, त्यामुळे रेघा जास्त दिसल्या म्हणून आवाज बिघडलाय असं धरता येत नाही. आवाज फाटतो तेव्हा रेघांच्या मधली जागा भरते. तिथे धुकं येतं.

मग फाटणारी जागा उघडली. धुकं होतंच, पण त्याबरोबर उभ्या रेघांची दाटी होती. स्वर चढला की सुरू, उतरला की बंद, आणि त्या रेघा थेट 48 किलोहर्ट्झपर्यंत, चित्राच्या छतापर्यंत गेलेल्या (चित्र 96 च्या निम्म्यापर्यंतच जातं). काकांनी बोट ठेवलं ते तिथेच. त्या काळच्या गाण्याच्या रेकॉर्डवर 15 किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसतं. धुळीचा कण किंवा चरा असेल तर छतापर्यंत उभी रेघ येते, पण ती सुटी, कुठेही, गाण्याशी संबंध नसलेली. आणि सुई जिच्यातून फिरते त्या रेकॉर्डच्या खाचेतच बिघाड असेल तर तो आवाज फोनो प्रीअँपमधून जातो. रेकॉर्ड कापताना उंच स्वर मुद्दाम वाढवलेले असतात आणि प्रीअँप ते परत उतरवतो, साधारण 2,100 हर्ट्झच्या पुढे जास्त जास्त. किती वाढवायचं, किती उतरवायचं याचं हे 1954 पासूनचं ठरलेलं प्रमाण, आरआयएए वक्र. त्यामुळे खाचेतलं धुकं वर जाता जाता विरळ होतं. माझं धुकं वरपर्यंत तितकंच दाट होतं. म्हणजे बिघाड प्रीअँपच्या पुढे होता.

लाटेचं चित्र मोठं करून पाहिलं. प्रत्येक शिखर वरून सपाट कापलेलं, सगळी शिखरं एकाच उंचीवर, उणे 6 डेसिबलला. मी मीटर लाल होऊ नये म्हणून लॅपटॉपमधला स्लायडर अर्ध्यावर आणला होता. कापाकापी त्याआधीच, इंटरफेसच्या डब्यात होत होती. प्रीअँपची वायर मी इंटरफेसच्या पुढच्या सॉकेटमध्ये, माइक आणि गिटारसाठी असलेल्या जागी लावली होती आणि तिथलं बटण बरंच वर होतं. लॅपटॉपवर दिसत होती ती कापलेल्या आवाजाची लहान केलेली प्रत. ऑडॅसिटीतलं 'शो क्लिपिंग' इथे काही दाखवत नाही, ते फक्त 0 डेसिबलला टेकलेले नमुने लाल करतं. तेव्हा लॅपटॉपचा स्लायडर पूर्ण वर ठेवा, वायर मागच्या लाइन इनमध्ये लावा, आणि रेकॉर्डवरच्या सगळ्यात जोरकस जागेला शिखर उणे 10 च्या आसपास येईल असं पाहा. 24 बिटला एवढी जागा सोडली तर काही बिघडत नाही.

31 तबकड्या पुन्हा करायच्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. 'क्लिप फिक्स' नावाचा एक इलाज सॉफ्टवेअरमध्ये आहे, तोही करून पाहिला. शिखरं गोल झाली, पण आवाजातला ताण गेला नाही. जो आवाज डब्यातून आत आलाच नाही, तो सॉफ्टवेअर कुठून आणणार? तबकड्या शाबूत होत्या, म्हणून पुन्हा वाजवणं हाच मार्ग होता.

13 एप्रिलपासून पुन्हा सुरुवात केली, आणि आपल्याकडचा एप्रिल म्हणजे कूलर. चित्रात तळाशी एक जाड आडवी रेघ आली, 23 हर्ट्झच्या आसपास. कूलरच्या मोटरवर 1,400 आरपीएम लिहिलं होतं, म्हणजे सेकंदाला 23 फेरे. कूलरची थरथर फरशीतून टेबलात, टेबलातून सुईत येत होती. कानाला ती जवळजवळ ऐकू येत नव्हती, पण सुई तिच्यामुळे हलत होती. कूलर बंद केला, रेघ गेली. प्लेयरखाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्याखाली रबराचे चार तुकडे ठेवले, तरी ध्वनिमुद्रण चालू असताना कूलर बंदच ठेवला. मे महिन्यात त्या हॉलमध्ये वीस-वीस मिनिटं विनाकूलर बसणं म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको. बाजू संपली की कूलर लावायचा, तबकडी पुसायची, पाणी प्यायचं, पुन्हा बंद. तबकडी खिडकीजवळ मुळीच ठेवू नका. नवतपाची, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांची वाट पाहायची गरज नाही, उन्हाची तिरीप पडली तरी ती वाकते.

50, 100, 150 हर्ट्झच्या आडव्या रेघाही होत्या. ती विजेची घुंई. प्लेयरमागची हिरवी अर्थिंगची वायर प्रीअँपच्या स्क्रूला कसली आणि त्या जवळजवळ गेल्या.

आता बहुतेक गाणी स्वच्छ आली. पण प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं अजूनही चिरकत होतं. 'स', 'श', 'च' आले की थुंकी उडाल्यासारखा आवाज. पहिल्या आणि शेवटच्या गाण्यांची चित्रं शेजारी लावली. पहिल्यात 'स' म्हणजे 5 ते 10 किलोहर्ट्झमध्ये एक नीटस ढग. शेवटच्यात तोच ढग फुटून खाली 2 किलोहर्ट्झपर्यंत सांडलेला, उजव्या चॅनलमध्ये जास्त.

यामागचं गणित मला फार आवडलं. एलपी, म्हणजे मोठी तबकडी, मिनिटाला 33⅓ फेरे घेते, कडेला असो की मध्याजवळ. पण कडेला त्रिज्या साडेचौदा सेंटीमीटर, म्हणजे सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटीमीटर खाच सरकते. शेवटच्या गाण्याला त्रिज्या 6 सेंटीमीटरवर येते आणि वेग होतो 21. त्यामुळे 10 किलोहर्ट्झची एक लाट कडेला 51 मायक्रॉन लांब, तर आत 21 मायक्रॉन. माझ्या प्लेयरची सुई गोल टोकाची होती, टोकाची त्रिज्या 15 ते 18 मायक्रॉन. 21 मायक्रॉनच्या लाटेत ते टोक उतरतच नाही, वरून उड्या मारत जातं. लंबगोल टोकाच्या सुईची अरुंद बाजू 8 मायक्रॉनच्या आसपास असते.

उजवा चॅनल जास्त का, त्याचं उत्तर वेगळं निघालं. फिरणारी तबकडी सुईच्या दांड्याला मध्याकडे ओढते. त्यामुळे खाचेच्या आतल्या भिंतीवर, म्हणजे डाव्या चॅनलवर भार येतो आणि बाहेरच्या, उजव्या भिंतीवरची पकड सुटते. ही ओढ तोलायला अँटिस्केटचं बटण असतं. माझं शून्यावर होतं. वजनही चुकलं होतं. जुन्या रेकॉर्डना त्रास नको म्हणून मी सुईचा भार दीड ग्रॅम ठेवला होता, कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते त्या भागाच्या) कागदावर 1.8 ते 2.2 लिहिलेलं असताना. भार कमी पडला की सुई खाचेत उडते आणि परत पडताना भिंतीला मारते. ज्या तबकड्या मी जपतेय असं समजत होते, त्यांनाच इजा करत होते. हे कळल्यावर मला खरंच अपराधी वाटलं. 650 रुपयांचा छोटा डिजिटल काटा घ्या आणि भार मोजूनच ठेवा.

5 मे रोजी लंबगोल सुई परदेशातून मागवली. किंमत 3,450 रुपये. 16 मेला मेल आला की पार्सल अडलंय, केवायसी द्या. आधार आणि पॅन अपलोड केलं तर नाव जुळत नाही म्हणून नाकारलं गेलं. पार्सलवर माहेरचं आडनाव होतं, पॅनवर सासरचं. मग ओळखपत्र, बिलाची प्रत आणि स्वाक्षरी केलेलं पत्र पाठवलं. ड्यूटी आणि हाताळणी मिळून 1,310 रुपये भरले. 9 जूनला सुई हातात आली. मागवताना पॅनवर जसं आहे तसंच नाव लिहा, एवढं केलं तर हे सगळं टळतं.

मधले पाच रविवार मी फक्त धुलाई आणि यादी केली. सुई बसवायला कोन दाखवणारा कागदी साचा लागतो. तो इंटरनेटवरून काढून बर्डीच्या बाजारात एका दुकानात दहा रुपयांत प्रिंट केला. दुकानदाराला 'फिट टू पेज' नको, शंभर टक्के मापात हवं असं सांगा आणि घरी येऊन पट्टीने मोजा. माझी पहिली प्रिंट चार मिलिमीटरने लहान आली होती.

15 जूनला बाहेर पहिला चांगला पाऊस झाला आणि मी तेच शेवटचं गाणं लावलं. 'स' ऐकू आला, नुसता 'स'. चित्रातला ढग आपल्या जागी होता. हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले एक आजोबा मान वर करून म्हणाले, "आता म्हणते बरं ती."

पुढचं काम भराभर झालं. एका तबकडीचं भोक मध्यावर नव्हतं, तिच्या चित्रात सगळ्या रेघा दर 1.8 सेकंदाला लाटेसारख्या वरखाली होत होत्या. आधी मला ते गायकाचं आंदोलन वाटलं, पण पेटीची रेघही हलत होती आणि पेटीला आंदोलन येत नाही. एका बाजूला चित्राची वरची कड 14 किलोहर्ट्झवरून हळूहळू खाली येत गेली. सुईला धुळीचा गोळा लागला होता. आता मी प्रत्येक बाजूनंतर सुई मागून पुढे अशी ब्रशने झाडते.

जुन्या मोनो तबकड्यांना एक फार उपयोगी परीक्षा आहे. मोनोमध्ये खाच फक्त आडवी हलते, दोन्ही चॅनलमध्ये तेच गाणं असतं. दोन्हींची पातळी सारखी करून एक चॅनल 'इन्व्हर्ट' करा, म्हणजे त्याची लाट उलटी करा, आणि दोन्ही मिसळा. गाणं बहुतेक नाहीसं होतं आणि उरतं ते धूळ, चरे, झिजलेल्या भिंतींची चिरचिर. त्या उरलेल्याचं चित्र काढलं की खाच कितपत खराब आहे ते कळतं. सात मोनो तबकड्या खरोखर झिजलेल्या निघाल्या. त्यांचे दोन्ही चॅनल सरळ मिसळले की बराच कचरा आपोआप गळतो.

शेवटी एकच राहिली, एका नाट्यपदाची मोनो ईपी, म्हणजे लहान तबकडी. दुसऱ्या कडव्यात तान संपवून गायक एका शब्दावर येतात आणि आवाज फाटतो. सुई बदलून पाहिली, भार बदलला, पुन्हा धुतली. धुकं होतं तिथेच. दोन चॅनल वजा केले तर त्या जागी काही उरत नव्हतं, म्हणजे बिघाड दोन्ही भिंतींवर अगदी सारखा. झीज अशी मोजून मापून होत नाही. धरमपेठेत एका मैत्रिणीकडे तीच रेकॉर्ड असल्याचं कळलं. समितीला तोंडी विचारून तिची तबकडी वाचनालयात आणली आणि लावली. त्याच शब्दावर, तेच धुकं. दोन वेगळ्या घरांत, वेगळ्या सुयांखाली साठ वर्षं काढलेल्या तबकड्या एकाच अक्षरावर फाटत होत्या. स्टुडिओत त्या दिवशी आवाज एवढा उसळला की यंत्राला झेपला नाही, आणि तेच खाचेत कापलं गेलं.

काकांना दोन्ही चित्रं दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे असंच राहू दे. हे त्याचंच आहे."

पोळा झाल्यावरच्या रविवारी, 24 ऑगस्टला, हार्ड डिस्कच्या दोन प्रती वाचनालयाला दिल्या. एका एलपीला साधारण दीड जीबी लागते. मूळ फाइलवर मी कसलीही सफाई केली नाही, ऐकण्याच्या प्रती वेगळ्या केल्या. आवक नोंदवहीत प्रत्येक तबकडीसमोर सुई, भार, तारीख आणि शेरा लिहिला. त्या ईपीसमोरचा शेरा असा आहे: दुसरे कडवे, 1 मिनिट 52 सेकंद, आवाज फाटतो. मूळ ध्वनिमुद्रणात. दुरुस्त करू नये.